सीडी गेली, हे ठरवायची घाई नको

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरून सीडींचं झिपवालं पाकीट खाली येतं. नाशिकच्या बऱ्याच घरांत त्यात ‘एज ऑफ एम्पायर्स’, ‘व्हाइस सिटी’, ‘ईए क्रिकेट’ हमखास निघतात. काही मूळ, खोक्यासकट घेतलेल्या. बऱ्याचशा कोणाच्या तरी रायटरवर बर्न केलेल्या. मुलगा हौसेने ड्राइव्हमध्ये टाकतो, थोडा वेळ घरघर होते आणि पडद्यावर ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ अशी पाटी येते. मग घरातलं कोणीतरी निकाल देऊन मोकळं होतं, ‘घासली गेलीय, टाकून दे.’

या निकालात पहिली चूक बाजूची असते. चकचकीत बाजू म्हणजे माहितीची बाजू, ती जपायची, असं आपण धरून चालतो. म्हणून टेबलावर सीडी ठेवताना चकचकीत बाजू वर आणि चित्राची खाली. सीडीच्या बाबतीत हे नेमकं उलटं आहे. १.२ मिलिमीटर जाडीच्या सीडीत जवळजवळ सगळं पारदर्शक पॉलिकार्बोनेट असतं. माहिती कोरलेली असते त्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे चित्राच्या लगेच खाली. त्यावर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर, त्यावर लॅकरचा हात आणि छपाई. बस, एवढंच संरक्षण. खालून गेलेला ओरखडा लेझरला बहुधा दिसतही नाही, कारण किरण पृष्ठभागावर पसरट असतो आणि आत माहितीपाशी जाऊन बारीक होतो. वरून बॉलपेन दाबून नाव लिहिलंत, चिकटवलेलं लेबल ओढून काढलंत, तर मात्र ॲल्युमिनियमच निघून येतं. हे तपासणं सोपं आहे. सीडी ट्यूबलाइटसमोर धरा. चित्र छापलेल्या जागीसुद्धा टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले, तर तिथली माहिती गेली. ती कोणतीही पेस्ट परत आणणार नाही.

डीव्हीडीची रचना वेगळी. तिथे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या असतात आणि माहिती मधोमध, म्हणून वरचा ओरखडा ती सोसते. तिला भीती वाकवण्याची. घट्ट खोक्यातून कडेला धरून उपसली की चिकटवलेला थर सुटू शकतो. मधलं बटण दाबून काढावी.

आता टूथपेस्टकडे येऊ, कारण हा उपाय प्रत्येकाच्या मामाने करून पाहिलेला असतो. तो थोतांड नाही, पण रामबाणही नाही. पांढऱ्या पेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते. तिने ओरखड्याच्या धारदार कडा बोथट होतात, किरण विखुरणं कमी होतं आणि उथळ चरा असेल तर सीडी वाचली जाते. पण जोर लावून गोल गोल घासलं की संपूर्ण पृष्ठभाग धुरकट होतो. ओरखडा एका जागी होता, आता तो सगळीकडे झाला. गोल घासण्यात आणखी एक मेख आहे. माहिती आतून बाहेर जाणाऱ्या नागमोडी नव्हे, चक्राकार रेघेत असते. केंद्रापासून कडेकडे गेलेला चरा प्रत्येक फेरीत क्षणभरच आडवा येतो आणि दुरुस्तीचं गणित ती जागा भरून काढतं. रेघेच्याच दिशेने गेलेला चरा मात्र सलग मजकूर खातो. सीडीत साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतची सलग खोट सांधता येते, त्यापुढे नाही. म्हणून पुसायचं ते नेहमी मधून बाहेर, सरळ. साधं पाणी, फार तर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ सुती फडकं. नेलपॉलिश रिमूव्हर लावलात तर पॉलिकार्बोनेट पांढरं पडेल. खोबरेल तेल चोळून चरा बुजवणारेही आहेत. डिस्क फिरू लागली की ते तेल लेझरच्या भिंगावर उडतं आणि एका सीडीपायी ड्राइव्ह जातो.

‘या ड्राइव्हवर गाण्याच्या सीडी छान वाजतात, म्हणजे दोष गेमच्या सीडीतच.’ हेही खरं नाही. गाण्यात एखादा तुकडा वाचता आला नाही, तर प्लेअर आजूबाजूचा आवाज बघून अंदाजाने भरतो, आपल्या कानाला कळत नाही. गेमच्या फायलीत अंदाज चालत नाही. म्हणूनच डेटा सीडीच्या प्रत्येक २,३५२ बाइटच्या खंडात माहिती २,०४८ बाइटच असते. उरलेल्या जागेत पत्ता आणि चुका पकडून सुधारण्याची सोय असते. एवढं करूनही भिंगावर धूळ असेल तर वाचन अडतं. दुसऱ्या ड्राइव्हवर टाकून बघितल्याशिवाय निकाल देऊ नये.

पाण्याची धास्तीही जरा जास्तच आहे. गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती बुडायला लागला की गोदाकाठच्या पेठांना पुढचं कळतं. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांत नाशिककरांनी ते पाहिलं. कारखान्यात छापलेली सीडी पाण्याने लगेच मरत नाही. मारतो तो गाळ, कोरडा झाल्यावर घासून काढलेला. आधी स्वच्छ पाण्याखाली धरा, गाळ आपोआप वाहू द्या, उभी ठेवून सावलीत वाळवा. आतला छापील कागद चिकटण्याआधी वेगळा करा, कारण सीडी-की बहुधा त्यावर नाहीतर खोक्यावरच असते. तिचा फोटो आजच काढून ठेवा. सीडी वाचली आणि की हरवली, तर इन्स्टॉलेशन तिथेच थांबतं.

बर्न केलेल्या सीडीचं दुखणं निराळं. तिच्यात छापील सीडीसारखे कोरलेले खड्डे नसतात, रंगद्रव्याचा थर असतो आणि तो उन्हाने फिका पडतो. खिडकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर नाशिकचा एक उन्हाळा काढलेली सीडी ओरखड्याशिवायही जाऊ शकते. मोझर बेअरच्या कोऱ्या सीडी आपण गठ्ठ्याने आणत होतो. ग्रेटर नोएडाची ती कंपनीच २०१८ मध्ये अवसायनात निघाली.

आणि कित्येकदा सीडी धडधाकट असते, नवा संगणकच तिला नाकारतो. जुन्या अनेक गेमना ‘सेफडिस्क’ नावाचं कुलूप होतं. त्याच्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेची भोकं होती, म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१५ साली विंडोज १० मध्ये तो ठेवलाच नाही आणि त्याच वर्षीच्या अपडेटने विंडोज ७ आणि ८ वरही तो बंद केला. काहींचे इन्स्टॉलर १६ बिटचे; ६४ बिटच्या विंडोजवर ते हलत नाहीत. तिथे कितीही पॉलिश करा, उपयोग शून्य. असा गेम ‘गॉग’ किंवा ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानांत नव्याने मिळतो का, हे आधी बघावं.

डिस्क एका ड्राइव्हवर कशीबशी वाचली जात असेल, तर पॉलिशच्या नादी न लागता आधी तिची इमेज फाइल, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढा. ‘डीडीरेस्क्यू’सारखं फुकट सॉफ्टवेअर सोपा भाग आधी उचलतं, अवघड जागांकडे नंतर वळतं. एका ड्राइव्हला न जमलेले तुकडे दुसऱ्या ड्राइव्हवरून त्याच फाइलमध्ये भरता येतात. गेमचं संगीत वेगळ्या ऑडिओ ट्रॅकमध्ये असेल, तर आयएसओ प्रकारची इमेज पुरत नाही, बिन आणि क्यू या फायलींची जोडी काढावी लागते. नाहीतर गेम चालतो, पण मुका. अशी प्रत काढणं म्हणजे चोरी, हाही गैरसमजच. कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ५२ कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला नुकसानीपासून बचाव म्हणून प्रोग्रामची बॅकअप प्रत काढू देतं. मित्राकडून बर्न करून आणलेल्या सीडीला ही सवलत नाही.

मधल्या भोकापासून तडा गेलेली डिस्क मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी ड्राइव्हमध्ये घालू नका. ५२ एक्सचा ड्राइव्ह तिला मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे देतो आणि तिचे तुकडे आत उडतात.