फडक्याचा कुबट वास

घरात भांडी पुसायला एक फडके असते. हात पुसायला एक असते. ओटा पुसायला एक, आणि गरम गंज उतरवायला एक मसोते. ही फडकी दिवसातून वीस वेळा हातात येतात. पण ती नीट वाळली की नाही, हे कोणी पाहत नाही. मग एके दिवशी ताट पुसताना नाकाशी वास येतो. कुबट, आंबूस, ओल्या घोंगडीसारखा. आपण इकडेतिकडे पाहतो, आणि वास तर आपल्याच हातातून येत असतो.

उन्हाळ्यात नागपुरात ही तक्रार फारशी नसते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. हवा अगदी कोरडी. ओले फडके दोरीवर टाकावे, आत जाऊन दोन पोळ्या लाटाव्या, तोवर ते कडक होते. खरी पंचाईत मृग लागल्यावर. आपल्याकडे वर्षाला एक हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तेव्हा सकाळी टाकलेले फडके संध्याकाळीही हाताला गार लागते.

वर्गातल्या बाया आम्हाला विचारतात, "मास्तर, फडके तर आम्ही रोज धुतो. साबण लावतो. मग वास काहून येते?"

प्रश्न रास्त आहे. कित्येक घरी याच वासावरून सुनेला बोलणी बसतात. ती आळशी आहे, असे म्हणतात. म्हणून वास कसा होतो ते आधी पाहू.

सुती धागा पाणी पितो. म्हणून तर आपण सुती फडके वापरतो. पण पाण्याबरोबर आणखीही काही धाग्यात शिरते. वरणाचा अंश, दुधाची साय, तेलाचा ओशटपणा, हाताचा घाम. जंतूंना जगायला तीन गोष्टी लागतात : ओल, ऊब आणि खायला काही. ओल्या फडक्यात तिन्ही मिळतात. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, पण एकाचे दोन, दोनाचे चार असे ते भराभर वाढतात. ते तो ओशटपणा खातात आणि त्यातून आंबट वासाचे पदार्थ तयार होतात. आपल्याला येतो तो वास यांचा.

धुतलेल्या कपड्यांनाही हा वास का येतो, याचा शोध जपानमधील संशोधकांनी घेतला. २०१२ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. त्यांना कपड्यांत एक जंतू सापडला. त्याचे नाव मोराक्झेला. नाव लक्षात राहिले नाही तरी चालेल, त्याचा स्वभाव मात्र लक्षात ठेवावा. हा जंतू चिवट आहे. कपडा वाळला तरी तो सहजी मरत नाही. उन्हातले जे किरण पुष्कळ जंतूंना मारतात, तेही हा इतरांपेक्षा जास्त सोसतो. फडके वाळले की तो गप्प बसतो, आणि वासही जातो. फडके पुन्हा भिजले की तो पुन्हा कामाला लागतो. "वाळल्यावर वास नव्हता, तोंड पुसायला घेतले तर आला," असे आपण म्हणतो, त्याचे कारण हे.

तेव्हा नुसता थंड पाण्याचा साबण आणि नुसते ऊन पुरत नाही. कपडे धुण्याचे यंत्र घरी असले आणि ते थंड पाण्यावर चालवले, तरी पुरत नाही. एकदा वास बसला की फडके उकळलेच पाहिजे.

ही गोष्ट आपल्या वरठ्यांना पूर्वीपासून ठाऊक होती. वरठी म्हणजे परीट. ते भट्टी लावत. कपडे खाराच्या पाण्यात भिजवायचे, भट्टीवर रचायचे आणि खालून वाफ द्यायची. मग घाटावर नेऊन दगडावर आपटायचे आणि उन्हात टाकायचे. खाराने ओशटपणा सुटे, वाफेने जंतू मरत, उन्हाने ओल जाई. जंतू हा शब्दही तेव्हा कोणाला माहीत नव्हता, पण काम बिनचूक होते. ज्यांनी हातात खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली, ते गाडगेबाबा याच परीट समाजातले. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी त्यांचा जन्म झाला. ते १९५६ साली वारले.

आता भट्टी घरी कशी लावायची ते सांगतो. स्टीलचे जुने भांडे घ्यावे. अ‍ॅल्युमिनियमचे घेऊ नये, सोड्याने ते खराब होते. त्यात अर्धी बादली पाणी आणि दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा टाकावा. धुण्याचा सोडा वेगळा आणि खाण्याचा सोडा वेगळा. किराणा दुकानात नीट सांगून घ्यावा, आणि घरी आणल्यावर मुलांच्या हाती लागू देऊ नये. बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. त्याच्या खाऱ्या पाण्यात हाच सोडा असतो आणि पूर्वी तो काढून विकतही असत. फडकी आधी साध्या पाण्यात खंगाळून घ्यावी, मग या पाण्यात टाकून पंधरा मिनिटे उकळू द्यावी. पाणी चहासारखे तांबूस होईल. रोज धुतलेल्या फडक्यातून एवढा मळ निघालेला पाहून पुष्कळ बायांना आश्चर्य वाटते. फडकी काठीने काढावी, सोड्याच्या पाण्यात हात घालू नये. मग दोनतीन पाण्यांनी धुऊन, पिळून, उन्हात टाकावी. रंग जाणारी फडकी वेगळी उकळावी.

गॅस महाग आहे, हे आम्हाला कळते. म्हणून रोज उकळायला सांगत नाही. आठवड्यातून एकदा, सगळी एकदम. चूल असेल तर स्वयंपाक झाल्यावर उरलेल्या निखाऱ्यांवरही पाणी चांगले तापते, फक्त ते उकळले पाहिजे.

जवसाच्या तेलाबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. विदर्भात हे तेल पूर्वीपासून खाण्यात आहे. पण त्याचा गुण असा की हवा लागली की ते घट्ट व चिकट होते. म्हणूनच ते रंगात घालतात. जवसाचे तेल पुसलेले फडके तसेच पडले तर मेणकापडासारखे होते, मग साबण त्याला काही करू शकत नाही. असे फडके त्याच दिवशी गरम पाण्याने धुवावे. आणखी एक धोका आहे. या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा ढीग कोपऱ्यात पडून राहिला तर तो आतल्या आत तापतो, आणि कधी कधी आपोआप पेटतो. घरात रंगकाम झाले असेल तर त्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत. पाण्यात बुडवून मगच टाकाव्या.

काही ठिकाणी बोअरचे पाणी जड असते. त्यात साबणाला फेस येत नाही, उलट पांढरा साका होऊन तो धाग्यात बसतो. त्याने फडके खरखरीत होते आणि पाणी टिपत नाही. अशा वेळी शेवटच्या पाण्यात एक लिंबू पिळावे, आणि नंतर साध्या पाण्याने काढावे. पण लिंबू किंवा कोणतेही आंबट ब्लिचिंग पावडरीत कधी मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. बंद न्हाणीत तो जिवावर बेततो.

वासाच्या साबणावर आणि सुगंधी द्रवावर पैसे घालू नयेत, असे आमचे मत आहे. त्याने कुबट वास झाकला जातो, जंतू तिथेच राहतात.

आणि जंतू राहिले की काय होते? आपण ताट स्वच्छ घासतो आणि त्याच फडक्याने पुसतो. मग त्या ताटात लेकराला वाढतो. मॉरिशस बेटावर आपली मराठी माणसे पिढ्यानपिढ्या राहतात. तिथल्या विद्यापीठाने महिनाभर वापरलेली १०० स्वयंपाकघरातली फडकी तपासली. २०१८ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ४९ फडक्यांत जंतू वाढलेले सापडले. माणसे आणि मुले जास्त तिथे जंतूही जास्त. ई. कोलाय नावाचा आतड्यातला जंतू ओल्या फडक्यांत आणि सगळ्या कामांना वापरलेल्या फडक्यांत अधिक आढळला. मटण-मासळी शिजणाऱ्या घरीही तो अधिक होता. म्हणून कच्चे मटण कापलेली जागा पुसायचे फडके वेगळेच ठेवावे. पोतेऱ्याने ओटा पुसू नये, आणि लेकराची शी पुसलेले फडके ओट्याजवळही आणू नये. घरात लहान मूल, म्हातारे किंवा आजारी माणूस असेल तर हे अधिक सांभाळावे.

बायांच्या महिन्याच्या फडक्यांविषयी लिहायला लोक लाजतात. आम्ही लिहितो. ही फडकी कुणाला दिसू नयेत म्हणून अंधाऱ्या खोलीत, साडीखाली लपवून वाळवतात. तिथे ती वाळत नाहीत, कुबटतात, आणि तीच पुन्हा अंगाला लागतात. त्याने खाज सुटते, त्रास होतो. ती थंड पाण्यात धुवावी, मग उकळावी, आणि उघड्या उन्हात टाकावी. घरातल्या पुरुषांनी त्यासाठी अंगणात एक दोरी बांधून द्यावी आणि तिकडे पाहून तोंड वाकडे करू नये.

उरला पावसाळा. फडक्याचा बोळा करून खिळ्याला अडकवू नये. नळावरही टाकू नये. एकेरी पसरावे, दोन फडक्यांमध्ये वीतभर जागा सोडावी. वारा लागेल तिथे दोरी बांधावी. ऊन नसले तरी वारा पाणी उडवतो. घरात पंखा असेल तर रात्री त्याच्याखाली टाकावे. कूलरसमोर मात्र टाकू नये. वाळ्यातून येणारी ती हवा गार लागते, पण ओली असते. पाच-सहा फडकी असली म्हणजे एक वाळेपर्यंत दुसरे वापरता येते. त्यासाठी बाजारात जायला नको. जुन्या सुती लुगड्याची किंवा धोतराची चांगली होतात. ती नव्या कापडापेक्षा पाणीही लवकर टिपतात, कारण त्यांची खळ केव्हाच गेलेली असते.