आयएनएस जलाश्व : दोन ध्वजांखालची चाकरी

भारतीय नौदलाची 'आयएनएस जलाश्व' ही उभयचर वाहतूक नौका मूळची अमेरिकेची. सिएटलच्या लॉकहीड गोदीत ती बांधली गेली आणि 6 मार्च 1971 रोजी 'यूएसएस ट्रेंटन' या नावाने अमेरिकी नौदलात दाखल झाली. ऑस्टिन वर्गातील बारा नौकांपैकी ती एक. लांबी सुमारे 174 मीटर, पूर्ण भारासह वजन सुमारे 17 हजार टन, आणि बाष्पयंत्रांच्या जोरावर 20 नॉटच्या आसपास वेग.

सैन्य, रणगाडे, ट्रक आणि रसद एखाद्या किनाऱ्यावर उतरवायची, आणि तीही तिथे बंदर नसताना, हे अशा नौकेचे मुख्य काम. त्यासाठी तिच्या पोटात, मागच्या बाजूला, एक बंदिस्त गोदी असते. टाक्यांमध्ये समुद्राचे पाणी भरले की नौकेची मागची बाजू हळूहळू खाली जाते, मागचा भलामोठा दरवाजा उघडतो आणि गोदीत पाणी शिरते. आत ठेवलेल्या सपाट तळाच्या उतरण-होड्या मग तरंगू लागतात आणि माणसे व वाहने घेऊन थेट वाळूपर्यंत जातात. काम आटोपले की पंपाने टाक्या रिकाम्या करतात आणि नौका पुन्हा पूर्ववत होते. जलाश्वच्या पोटात अशा चार मोठ्या होड्या मावतात. गोदीच्या वर हेलिकॉप्टरांसाठी लांब धावपट्टीवजा डेक आहे. हजाराच्या आसपास सैनिकांची सोय तिच्यावर होते.

ट्रेंटनच्या अमेरिकी कारकिर्दीतला सर्वांत थरारक प्रसंग जानेवारी 1991 मधला. सोमालियात यादवी भडकली होती आणि राजधानी मोगादिशूतला अमेरिकी दूतावास लूटमार करणाऱ्या टोळ्यांच्या वेढ्यात सापडला होता. आखाती युद्धासाठी ओमानजवळ थांबलेल्या 'ग्वाम' आणि 'ट्रेंटन' या दोन नौकांना दक्षिणेकडे धाडण्यात आले. नौका पोहोचेपर्यंत थांबणे धोक्याचे होते. म्हणून 5 जानेवारीच्या पहाटे, किनारा अजून 466 सागरी मैल दूर असतानाच, ट्रेंटनच्या डेकवरून दोन अवजड हेलिकॉप्टरे उडाली. वाटेत त्यांनी हवेतल्या हवेत इंधन भरून घेतले आणि उजाडल्यावर ती दूतावासाच्या आवारात उतरली. त्या आणि पुढच्या फेऱ्यांत मिळून तीस देशांच्या 281 जणांची सुटका झाली. त्यांत सोव्हिएत राजदूतही होते. शीतयुद्ध अजून पुरते संपले नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या सुटकेचे मोल कळते. पुढे 2006 च्या लेबनॉन युद्धातही लोकांना बाहेर काढण्याच्या कामी ट्रेंटन होती.

2004 च्या डिसेंबरात त्सुनामी आली तेव्हा अंदमान-निकोबारपर्यंत मोठ्या प्रमाणावर मदत पोहोचवू शकेल अशी प्रशस्त नौका भारताकडे नव्हती. ती उणीव भरून काढण्यासाठी भारताने सुमारे 4 कोटी 84 लाख डॉलरला ट्रेंटन घेतली. सोबत सहा सी किंग हेलिकॉप्टरेही घेतली. 22 जून 2007 रोजी नॉर्फोक येथे तिच्यावर भारतीय नौदलाचा ध्वज चढला. अमेरिकेकडून भारतीय नौदलाने घेतलेली ही पहिली युद्धनौका, आणि त्या वेळी विमानवाहू 'विराट' खालोखाल नौदलातली सर्वांत मोठी. विशाखापट्टणम हे तिचे घर ठरले.

सुरुवात कठीण गेली. फेब्रुवारी 2008 मध्ये सरावादरम्यान विषारी हायड्रोजन सल्फाइड वायूच्या गळतीने नौकेवरच्या काही नौसैनिकांचे प्राण घेतले. त्याच वर्षी महालेखापालांच्या अहवालाने या खरेदीवर ताशेरे ओढले: नौका जुनी, तिच्या अवस्थेची पुरेशी तपासणी नाही, वापरावर अमेरिकेच्या अटी. हे आक्षेप गंभीर होते आणि त्यांची दखल घ्यायलाच हवी होती. पण पुढच्या वर्षांतल्या कामगिरीने नौकेची उपयुक्तता निर्विवाद सिद्ध केली.

2011 मध्ये लिबियातल्या यादवीतून भारतीयांना आणण्यासाठी ती भूमध्य समुद्रापर्यंत गेली. मे 2020 मध्ये, कोरोनामुळे विमाने बंद असताना, 'समुद्र सेतू' मोहीम सुरू झाली. जलाश्वने मालेहून 698 भारतीयांना 10 मे रोजी कोचीला आणले. त्यांत गरोदर महिलाही होत्या. मग मालेच्या आणखी फेऱ्या, कोलंबो, आणि शेवटी इराणचे बंदर अब्बास. नौदलाने त्या मोहिमेत एकंदर 3,992 जणांना मायदेशी आणले, आणि त्यांतले बहुसंख्य जलाश्वच्याच डेकवरून उतरले.

तिच्यासारख्या चार नव्या नौका देशातच बांधण्यासाठी 2013 साली निविदा निघाली. ती 2020 मध्ये मागे घेण्यात आली आणि 2021 मध्ये पुन्हा नव्याने विचारणा सुरू झाली. पन्नाशी ओलांडलेल्या बाष्पनौकेवर एवढा भार टाकून ही बांधणी लांबवत राहणे देशाला परवडणारे नाही.