एका वर्गात अनेक भाषा : माध्यमिक शाळेतील शिक्षण आणि विद्यार्थ्यांचे स्वास्थ्य

भोपाळ शहराच्या आग्नेयेकडील बाग सेवनिया हे मूळचे एक खेडे. त्याच्या परिसरात जड विद्युत यंत्रसामग्रीचा सरकारी कारखाना उभारण्यासाठी १९५६ साली कंपनी स्थापन झाली. तोच आजचा ‘भेल’ कारखाना होय. निरनिराळ्या प्रांतांतून कामगार व तंत्रज्ञ तेथे आले आणि कुटुंबांसह स्थायिक झाले. पुढे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाही याच भागात उभी राहिली. अशा वस्तीतील माध्यमिक शाळेत वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या घरांतील मुले एका बाकावर यावीत, हे स्वाभाविकच आहे. तथापि हा मेळ नोकरीच्या निमित्ताने जुळून येतो. तो हेतुपुरस्सर जुळवून आणण्याचा एक मोठा प्रयोग नवोदय विद्यालयांत चालतो. त्याचा प्रारंभ ज्या दोन ठिकाणी झाला, त्यांपैकी एक महाराष्ट्रातील आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानात नसते.

१९८५-८६ साली पहिली दोन नवोदय विद्यालये सुरू झाली. एक हरियाणातील झज्जर येथे व दुसरे अमरावती जिल्ह्यात. आज देशात अशी साडेसहाशेहून अधिक निवासी विद्यालये आहेत. सहावीचा प्रवेश परीक्षेने मिळतो. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी आणि एकतृतीयांश जागा मुलींसाठी असतात. निवास, भोजन, गणवेश व पुस्तके यांचा खर्च शासन करते.

या विद्यालयांचे खरे वेगळेपण नववीत दिसून येते. त्या वर्षी सुमारे ३० टक्के विद्यार्थी एका वर्षासाठी दुसऱ्या भाषिक प्रदेशातील, आधीच जोडून दिलेल्या विद्यालयात पाठविले जातात. हिंदी भाषिक जिल्ह्यातील मुले अहिंदी जिल्ह्यात जातात आणि तेथील मुले इकडे येतात. हिंदी प्रदेशातील विद्यालयात तिसरी भाषा म्हणून येणाऱ्या पाहुण्यांचीच भाषा शिकविली जाते. म्हणजे समजून घेण्याचा भार एकट्या पाहुण्यावर पडत नाही, यजमान विद्यार्थ्यालाही तो उचलावा लागतो. संपूर्ण योजनेतील सर्वांत शहाणपणाचा भाग प्रस्तुत लेखकास हाच वाटतो.

मात्र चौदा वर्षांच्या मुलाला हे वर्ष सोपे नसते. प्रादेशिक भाषेतील अध्यापन सातवी-आठवीपर्यंत चालते. त्यानंतर गणित व विज्ञान इंग्रजीतून, तर सामाजिक शास्त्रे हिंदीतून शिकावी लागतात. माध्यम बदलण्याचा आणि घरापासून दूर जाण्याचा काळ असा जवळजवळ एकच येतो. त्यातच जेवणाची चव बदलते, हवा बदलते. मुलाने वर्गात तोंड उघडले नाही तर ‘कच्चा आहे’ असा शेरा मारून शिक्षक मोकळे होतात. वस्तुतः त्याला उत्तर येत असते, शब्द तेवढा सापडत नसतो. आरंभीच्या काही महिन्यांत उत्तर मातृभाषेत लिहू देणे व त्याच भाषेच्या सोबत्याकडून ते समजून घेणे, हा उपाय कोणत्याही शाळेला बिनखर्चाचा आहे.

विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याबाबत मात्र ही विद्यालये फार उशिरा जागी झाली. शालान्त परीक्षेचे निकाल उत्तम लागत होते, आणि निकाल चांगला म्हणजे मुले सुखात, असे मानण्याची आपल्या कार्यालयांची जुनी सवय आहे. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत नवोदय विद्यालयांतील ४९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याचे २०१८ च्या अखेरीस उघड झाले. त्यांतील जवळपास निम्मे अनुसूचित जाती-जमातींचे होते. हा आकडा सर्व विद्यालयांचा आहे, परप्रांती गेलेल्यांचाच नव्हे, हे ध्यानात ठेवावे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने या प्रकरणाची दखल घेतली आणि विद्यालयांत समुपदेशक नेमण्याचा प्रश्न ऐरणीवर आला.

समुपदेशक हवाच. परंतु मूल प्रथम ज्याच्याकडे जाते तो बहुधा सदनप्रमुख असतो. विद्यार्थी अरावली, निलगिरी, शिवालिक व उदयगिरी अशा सदनांत विभागलेले असतात आणि शिक्षक आवारातच राहतात. दिवसभर शिकवून रात्री सदन सांभाळणाऱ्या शिक्षकाजवळ मुलाची विचारपूस करण्याइतकी उसंत उरते काय, हे तपासणी अधिकाऱ्यांनी जमाखर्चाच्या वह्यांइतक्याच बारकाईने पाहावयास हवे. गप्प झालेले, जेवण टाळणारे किंवा घरी बोलण्यास नकार देणारे मूल कोणाच्या नजरेस पडले, याची नोंद कोठे होते?

आपल्या राज्यात हा प्रश्न केवळ नवोदयचा नाही. ज्या अमरावती जिल्ह्यात हा प्रयोग सुरू झाला, त्याच जिल्ह्यातील मेळघाटात कोरकू भाषा बोलणारी मुले मराठी शाळेत येतात. त्यांनी तर आपला जिल्हाही ओलांडलेला नसतो. तरी वर्गातील भाषा त्यांना परकीच असते. कोरकू जाणणारा शिक्षक किंवा गावातील एखादा शिकलेला तरुण अशा वर्गात असला, तर घरची भाषा व शाळेची भाषा यांमधील वाट मुलाला एकट्याने चालावी लागत नाही. साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडणी कामगारांची मुले मधूनच वर्गात येतात आणि हंगाम संपताच निघून जातात. त्यांचीही अडचण पुष्कळशी अशीच आहे.

ज्यांचा पाल्य यंदा नववीत बाहेर जाणार असेल, त्या पालकांनी दोन गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात : त्या विद्यालयात आपल्या भाषेचा शिक्षक आहे काय, आणि घरी दूरध्वनी करण्याचे दिवस कोणते. एक वर्षानंतर मूल आपल्या मूळ विद्यालयात परतते आणि लगेच दहावीची परीक्षा समोर उभी असते. त्यामुळे परतलेल्या मुलांचा कोणत्या विषयाचा कोणता भाग मागे राहिला, हे जूनमध्येच पाहून सायंकाळच्या अभ्यासिकेत तो भरून काढण्याची तजवीज मुख्याध्यापकांना करावी लागते.