चार्ज घेणे म्हणजे काय?

कचेरीतल्या जीवनावर बेतलेले विनोदी नाटक घ्या, नाहीतर दूरचित्रवाणीवर दर आठवड्याला येणारी एखादी मालिका घ्या. एक प्रसंग त्यांत हटकून असतो. मोठे साहेब रजेवर निघतात आणि जाताजाता कोपऱ्यात बसणाऱ्या एखाद्या गरीब कारकुनाला म्हणतात, "चार दिवस जरा सांभाळा." दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ कडक इस्त्रीचा सदरा घालून येतो. शिपायाला उगीच दोनदा घंटा वाजवून बोलावतो. कालपर्यंत ज्याच्या डब्यातली भाजी खाल्ली, त्यालाच "अर्ज लेखी द्या" म्हणून सुनावतो. तिसऱ्या दिवशी मात्र सगळा कारभार त्याच्या अंगावर कोसळतो आणि प्रेक्षक पोट धरून हसतात. आम्हीही हसतो. मात्र नंतर मनात येते, की ह्यात नेमके हसण्यासारखे काय होते?

आपल्या मराठी रंगभूमीवर ह्याच विषयाचा एक गाजलेला वग आहे. वसंत सबनिसांचे 'विच्छा माझी पुरी करा' आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल; दादा कोंडक्यांचा हवालदार तर घराघरांत पोचला. राजा, प्रधान, मैनावती हा थाट बाजूला सारला, तर मूळ कथा कचेरीचीच आहे. कोतवाल वारतो. ती जागा आता आपली, अशी हवालदाराची खात्री असते. पण जागा मिळते वशिल्याच्या माणसाला, आणि मग हवालदार व मैनावती मिळून नव्या कोतवालाला राजाच्या छपरी पलंगाच्या पायी गोत्यात आणतात. एकाला काम येते पण पद नाही. दुसऱ्याला पद आहे पण काम येत नाही. ही फारकत झाली, की विनोद आपोआप जन्माला येतो. लेखकाला फार कष्ट पडत नसावेत, असे आम्ही म्हणणार नाही. पण कच्चा माल मुबलक आहे एवढे खरे.

आमच्या स्वतःच्या वाट्याला हा कच्चा माल आलेला आहे. आम्ही एका कचेरीत नोकरीस असताना आमचे हेडक्लार्क निवृत्त झाले आणि त्यांचा चार्ज 'तात्पुरता' आमच्याकडे आला. तो तात्पुरता काळ पावणेदोन वर्षे चालला. आवक-जावक बारनिशी आमच्याकडे, तक्रारींची उत्तरे आमच्याकडे, वरिष्ठांची बोलणीही आमच्याकडे; फक्त कागदांच्या कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात! कोणी कागद मागितला, की आधी किल्लीवाल्याचा शोध. तो चहाला गेलेला असे. ह्या काळात आमची कार्यक्षमता घटल्याचा शेराही आम्हांला मिळाला. तेव्हा चिडलो होतो. आता वाटते, की हा प्रसंग नाटकात घालायला हवा होता.

तेव्हा जबाबदारी वाढते म्हणजे काय वाढते, हे समजून घेण्यासाठी नाटकाबाहेरचे एखादे उदाहरण पाहावे. त्यासाठी आपल्या नगर जिल्ह्याबाहेर (आता त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) जाण्याचे कारण नाही. प्रवरेच्या काठी लोणीला जावे म्हणजे झाले.

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि प्रवरेच्या पाटावर ऊस वाढला. पण ऊस पिकवणे वेगळे आणि त्याचा भाव हाती असणे वेगळे. गुळाचा बाजार पडला, की बागाईतदार कर्जात जाई. साखर करणारे कारखाने होते, ते खाजगी कंपन्यांचे. लोणी बुद्रुकचे विठ्ठलराव विखे पाटील शाळा थोडीच शिकलेले. परंतु १९२३ साली त्यांनी गावात सहकारी पतपेढी काढून हिशेबाची आणि विश्वासाची सवय लोकांना लावली होती. १९४५ साली बेलापूरला कालव्यांवरील बागाईतदारांची परिषद भरली. तिचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ. शेतकऱ्यांनी स्वतःचा साखर कारखाना काढावा, ह्या विचाराने तेथून जोर धरला.

मग गावोगाव हिंडून भाग गोळा करण्याचे काम आले. शेतकऱ्याच्या घरातून पैसा बाहेर काढणे किती अवघड, हे येथे बसलेल्यांना आम्ही सांगायला नको. त्यासाठी विठ्ठलराव आणि त्यांच्या सोबत्यांनी पायपीट केली. वैकुंठभाई मेहता तेव्हा मुंबई सरकारात मंत्री होते. सरकारचा पाठिंबा त्यांच्यामुळे मिळाला. १९४८ मध्ये संस्थेची नोंदणी झाली आणि १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झाले.

आता आमच्या विषयाचा मुद्दा. ज्यांनी पायपीट केली, ते अध्यक्ष झाले असते तर कोणाला नवल वाटले नसते. पण अध्यक्षपद गाडगीळांकडे गेले, आणि विठ्ठलराव उपाध्यक्ष म्हणून बसले. हे सुमारे दहा वर्षे चालले. आमच्या समजुतीप्रमाणे ह्यात दोन प्रकारच्या विश्वासांची सांगड होती. कर्ज देणारी मंडळी आणि सरकार ह्यांना हिशेबात मुरलेला, परका नसला तरी स्वार्थ नसलेला माणूस हवा होता; सभासदाला, उसाच्या बांधावर ओळखीचा असलेला माणूस हवा होता. एका माणसात दोन्ही नव्हते, म्हणून दोघे बसले.

आणि काम तरी केवढे! उसाचा फड तोडला, की त्यातली साखर तासातासाने कमी होऊ लागते. म्हणून तोडणी, गाड्या आणि गाळप ह्यांचे वेळापत्रक बिघडून चालत नाही. यंत्र अडले तर गव्हाणीपुढे गाड्यांची रांग, आणि रांगेतल्या प्रत्येक गाडीत कोणाचे तरी वर्ष. शिवाय उसाचा पहिला हप्ता, कर्जाचा हप्ता, साखरेचा उतारा, कामगारांचे पगार. हे सारे उपाध्यक्षाच्या खुर्चीवरून पाहता येते, आणि चूक झाली तर विचारायला शेजारी माणूस असतो. पुढे विठ्ठलराव अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांना कपाटाची किल्ली कोठे आहे हे शोधावे लागले नसावे! १९६१ साली पंडित नेहरू प्रवरानगरला आले. त्याच वर्षी विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली.

गाडगिळांच्या बाजूचा विचार मात्र आपण कमी करतो. संशोधन संस्थेच्या संचालकाला लोणीच्या माळावर येऊन कारखान्याचा चार्ज घेण्याची काय गरज होती? पुस्तकात सहकाराचा पुरस्कार करून भागले असते. त्यांनी अंगाला धूळ लावून घेतली, आणि तितकेच अवघड असे दुसरे काम केले, ते म्हणजे वेळ येताच खुर्ची सोडली. पुढे १९६७ मध्ये ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले.

प्रवरेमागून जिल्ह्यात सहकारी कारखाने उभे राहिले. त्यांतल्या कित्येक ठिकाणी खुर्ची ही पुढच्या खुर्चीची पायरी ठरली, कोठे ती घरातल्या घरातच फिरली. उपाध्यक्ष म्हणून दहा वर्षे शिकायला आज कोण तयार होईल, असा प्रश्न सभासदाने वार्षिक सभेत विचारला, तर आम्ही त्याला आडमुठा म्हणणार नाही.

आमच्या कचेरीची गोष्ट अर्धी राहिली. पावणेदोन वर्षांनी नवे हेडक्लार्क आले. चार्ज देण्याच्या दिवशी आम्ही किल्लीवाल्याला चहाला जाऊ दिले नाही. कपाट उघडले, कागद मोजले, अपुऱ्या प्रकरणांची यादी दोन प्रतींत केली, दोघांनी सही केली. किल्ली नव्या गृहस्थांच्या हातात ठेवली, तेव्हा ते म्हणाले, "एवढी काय घाई आहे, राहू द्या तुमच्याकडेच."