भाडे कोणत्या तारखेला द्यावे?
घरमालक व भाडेकरू श्रद्धावंतांसाठी काही माहिती

वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा येथील कारखान्यांमुळे मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून असंख्य कुटुंबे छत्रपती संभाजीनगरात आली आणि भाड्याच्या खोल्यांत स्थिरावली. आपल्या धर्मग्रामांतील पुष्कळ कुटुंबे त्यांपैकीच आहेत. दुसरीकडे, निवृत्तीच्या पैशांतून दोन खोल्या बांधून त्या भाड्याने देणारे श्रद्धावंतही आपल्यात आहेत. एकाच मिस्साला दोघे शेजारी बसतात आणि शांतीचे अभिवादन करताना एकमेकांकडे पाहत नाहीत, असेही घडते. भांडण बहुधा भाड्याच्या रकमेचे नसते. ते तारखेचे असते.

घरमालक म्हणतात, भाडे पाच तारखेच्या आत हवे. कामगाराच्या हाती पगार त्यानंतर पडतो. १९३६ च्या वेतन कायद्यानुसार हजारापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनेत सातव्या व इतरत्र दहाव्या दिवसापर्यंत पगार देण्याची मुभा होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने मासिक पगारासाठी सातवा दिवस ठरविला आहे. म्हणजे मालकाने वेळेवर पगार दिला तरीही पाच तारखेचे भाडे चुकू शकते. घरमालकाचीही अडचण खोटी नसते. त्याच्या घरकर्जाचा हप्ता पाचलाच खात्यातून वजा होतो, आणि शिल्लक नसेल तर बँक दंड लावते. दोघांपैकी कोणीही लबाड नसतो, तरी दोघेही एकमेकांना लबाड समजू लागतात.

याहून गुंतागुंतीचा वाद महिन्याचा असतो. एप्रिलमध्ये दिलेले भाडे मार्चचे की एप्रिलचे? भाडे आगाऊ द्यायचे ठरले होते असे मालक समजतो. महिना राहून झाल्यावर द्यायचे, असे भाडेकरू समजतो. पावतीवर केवळ रक्कम व दिनांक असेल, तर घर सोडताना एक महिना ‘हरवतो’ आणि अनामत रक्कम अडकून पडते. यासाठी पावतीवर ‘अमुक महिन्याचे भाडे’ हे शब्द असलेच पाहिजेत. फोनवरून पैसे पाठविणाऱ्यांनीही महिन्याचे नाव लिहून पाठवावे.

कायदा काय म्हणतो? मराठवाड्यात पूर्वी १९५४ चा हैदराबाद भाडे नियंत्रण कायदा होता. ३१ मार्च २००० पासून सर्व राज्यासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला. त्याच्या कलम २६ प्रमाणे भाडे मिळताच लेखी पावती देणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज आपल्याकडे फार पसरला आहे. तो चुकीचा आहे. नोंदणी नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. तारीख लिहून न ठेवणाऱ्या घरमालकाने हे विशेष लक्षात घ्यावे.

दोनचार दिवस उशीर झाला म्हणून सामान बाहेर काढता येत नाही. कलम १५ नुसार थकलेल्या भाड्याची लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबल्याशिवाय त्या कारणासाठी ताब्याचा दावा दाखल करता येत नाही. दावा दाखल झाल्यावरही समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी व तीवर १५ टक्के सरळव्याज भरले, पुढे नियमित भाडे भरत राहिले आणि दाव्याचा खर्चही दिला, तर त्या कारणावरून घर सोडण्याचा हुकूम होत नाही. पाणी वा वीज तोडून दबाव आणण्यास कलम २९ ने मनाई केली आहे. मात्र ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर राहणाऱ्याला कलम १५ चे संरक्षण मिळते असे गृहीत धरू नये. त्याची मुदत संपली की कलम २४ खाली घर रिकामे करावे लागते. आपला कागद कोणत्या प्रकारचा आहे, हे सही करण्यापूर्वीच वाचावे.

कॅथलिक धर्मशिकवणुकीच्या ग्रंथात सातव्या आज्ञेच्या विवेचनात (क्र. २४१०) भाडेकरार हा शब्द स्पष्टपणे आला आहे. असे करार सद्‌भावनेने करावे व पाळावे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. हे दोघांनाही लागू आहे. पगार हाती येऊनही आधी सणाची खरेदी करून भाडे मागे ठेवणारा भाडेकरू या आज्ञेतून सुटत नाही. त्याचप्रमाणे अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात धनकोने तारण घेण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे, असा नियम आहे. भाड्यासाठी दार ठोठावणाऱ्याने तो अध्याय एकदा वाचावा.

आमची सूचना साधी आहे. करार करतानाच पगाराची तारीख विचारावी आणि भाड्याची तारीख तिच्यानंतर दोनतीन दिवसांनी ठेवावी. भाडे आगाऊ की महिन्याअखेर, हे अक्षरांत लिहावे. चालू करारातील तारीख बदलायची असेल, तर मधल्या दिवसांचे भाडे हिशोब करून एकदाच द्यावे व बदल दोघांच्या सहीने लिहून ठेवावा. पगार लांबणार असे कळताच भाडेकरूने देय तारखेपूर्वीच तसे कळवावे. नंतर सांगितलेले कारण खरे असले तरी सबबीसारखे वाटते. घरमालक भाडे घेण्याचेच नाकारीत असेल, तर ते बँकेतून वा धनादेशाने पाठवून त्याचा पुरावा जपावा. पूर्वी लोक मनीऑर्डर परत आल्याची पावती अशीच जपत असत.

एवढे करूनही वाद मिटला नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया, औद्योगिक कामगार, अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य व अल्प उत्पन्न असलेले लोक यांना तेथे विनामूल्य वकील मिळू शकतो. जाताना करार, पावत्या व बँकेचे पासबुक सोबत न्यावे.