विश्लेषण : कारखान्यातील हवा कामगाराच्या नाकापाशी का मोजायची?

जुन्नरमधील विघ्नहर आणि आंबेगावमधील भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले, की गावाचे लक्ष धुराड्याकडे जाते. धुराड्यातून काय बाहेर पडते, यावर प्रदूषण नियंत्रण मंडळाची नजर असते. पण साखर कारखान्याच्या आत आठ तासांच्या पाळीत कामगाराच्या छातीत काय जाते, हे वेगळे मोजावे लागते.

आत काय असते?

राज्यातील बहुतेक साखर कारखान्यांत साखर पांढरी व्हावी म्हणून गंधक जाळून सल्फर डायऑक्साइड वायू रसात सोडतात. तो गळला तर घसा खवखवतो, दम्याच्या रुग्णाला धाप लागते. बगॅस ओला असताना फारसा उडत नाही. साठवून वाळला, बुरशी धरली, की त्याच्या धुळीने ‘बगॅसोसिस’ हा फुप्फुसाचा आजार होऊ शकतो.

सर्वात धोकादायक जागा सांडपाण्याच्या टाक्यांची. तिथे साचणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो. पण साधारण १०० पीपीएमला नाकच बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजून टाकीत उतरणे जिवावर बेतते. उतरण्याआधी गॅस डिटेक्टरच लावायला हवा.

मोजणी कशी होते?

धुळीसाठी कामगाराच्या पट्ट्याला छोटा पंप आणि कॉलरजवळ आधी वजन केलेला फिल्टर लावतात. मिनिटाला २ लिटर दराने आठ तासांत ९६० लिटर हवा त्यातून जाते. पाळी संपली, की फिल्टर पुन्हा तोलतात. भिंतीवरचा मीटर इथे कामाचा नाही. बगॅसच्या ढिगाऱ्यावर वाकतो तो कामगार.

सरासरी कुठे फसवते?

कारखाने अधिनियमातील १९८७च्या दुरुस्तीने आलेल्या यादीत सल्फर डायऑक्साइडसाठी आठ तासांची सरासरी मर्यादा २ पीपीएम आणि १५ मिनिटांची ५ पीपीएम आहे. समजा, सात तास १ पीपीएम वायू होता आणि गळतीमुळे एक तास ६ पीपीएम. सरासरी येते सुमारे १.६. अहवाल ‘मर्यादेत’, पण त्या तासाभरात कामगाराने मर्यादेबाहेरची हवा घेतली.

म्हणून अहवाल हाती आला, की आकड्याआधी पाहायचे ते हे : मोजणी गाळप सुरू असताना झाली की बंद हंगामात, पंप कोणाच्या अंगावर होता आणि १५ मिनिटांचा आकडा दिला आहे का. आपल्या आरोग्य व सुरक्षिततेची माहिती मागण्याचा हक्क कामगाराला त्याच दुरुस्तीने मिळाला. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही तो आहे.