कंबरदुखी आणि चिनी सुई

पस्तीस वर्षें खुर्चीवर वांकून मुलांच्या वह्या तपासल्या, त्याचें फळ म्हणून पेन्शनीबरोबर आम्हांस कंबरदुखीही मिळाली. तेल, शेक, लेप सर्व झालें. शेवटीं सूनबाईंनीं सुयांच्या चिकित्सेची गोष्ट काढली, तेव्हां अंगांत सुया टोंचून घेण्यापूर्वीं थोडें वाचावें असें आम्हीं ठरविलें.

ही विद्या मूळची चीनची. शरीरांत 'ची' नांवाची शक्ति ठराविक मार्गांनीं वाहते, तिचा अवरोध झाला म्हणजे व्यथा उत्पन्न होते, व नेमक्या बिंदूंवर बारीक सुई टोंचली असतां ती शमते, असें तेथील प्राचीन मत. आमच्या सुश्रुतानेंही गृध्रसीवर गुडघ्याच्या चार अंगुळें वर किंवा खालीं शिरावेध सांगितला आहे. परंतु तो रक्त काढण्याचा विधि. दोन्ही एकच म्हणणाऱ्यांनीं मूळ ग्रंथ उघडून पाहावा. ही सुई भारतांत आणणाऱ्यांत प्रमुख डॉ. बी. के. बसू, १९३८ सालीं सोलापूरच्या डॉ. कोटणिसांबरोबर चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकांतीलच हे एक.

खरी मौज जर्मनींतील परीक्षेची. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या या परीक्षेंत जुनाट कंबरदुखीचे ११६२ रोगी होते. त्यांचे तीन वर्ग केले. पहिल्यास शास्त्रोक्त बिंदूंवर सुया. दुसऱ्यास भलत्याच जागीं, तेंही वरवर. तिसऱ्यास औषधें, व्यायाम इत्यादि नेहमींचे उपचार. सहा महिन्यांनीं उतार पडलेल्यांचें प्रमाण पहिल्या वर्गांत शेंकडा ४७.६ व तिसऱ्यांत २७.४ भरलें. आणि दुसऱ्या वर्गांत? ४४.२! बिंदु चुकले, तरी गुण फारसा चुकला नाहीं. मग गुण आला तो टोंचण्यानें, स्वस्थ पडून राहण्यानें, कीं श्रद्धेनें? तज्ज्ञांत एकमत नाहीं. इंग्लंडच्या 'नाइस' संस्थेनें २०१६ सालीं कंबरदुखीवर सुया देऊं नयेत असें सांगितलें. पुढच्याच वर्षीं अमेरिकन वैद्यांच्या संस्थेनें द्याव्यात असें सांगितलें!

आम्ही गेलों. सुई प्रत्येक वेळीं नवी, बंद पाकिटांतून काढलेली आहे ना, हें वाचकांनीं स्वतः पाहावें. पायांतील शक्ति जाऊं लागली, किंवा लघवी अडली, तर मात्र सुईच्या नादीं न लागतां तत्काळ इस्पितळ गांठावें.

पहिल्या चार खेपांस कांहींच वाटलें नाहीं. आतां पूजेस अर्धा तास मांडी घालून बसतां येतें. परंतु त्याच सुमारास रोज सकाळीं चालणेंही सुरू केलें होतें. त्यामुळें श्रेय कोणाचें हा वाद घरांत अद्याप चालू आहे. सूनबाई सुईच्या बाजूच्या, आमचें कुटुंब चालण्याच्या.